गुडघ्याच्या ऑपरेशनच्या कागदावर 'फेंटॅनिल' लिहिलंय, सही करू का?

शेवंती | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आईचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या शुक्रवारी ठरलंय, वाटी बदलायची आहे. वय ६९, वजन ७४ किलो, बीपीची गोळी चालू, साखर नाही. आज भूलतज्ज्ञांनी तपासायला बोलावलं होतं. मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणार, त्यात थोडं फेंटॅनिल मिसळणार, गरज पडली तर शिरेतूनही देणार, असं त्यांनी नीट समजावलं आणि संमतीच्या कागदावर लिहिलं. तिथे मला काही खटकलं नाही. घरी येऊन दादाला फोनवर कागद वाचून दाखवला. तो न्यू जर्सीत असतो. तो शब्द ऐकल्यावर दोन क्षण बोललाच नाही, मग म्हणाला, "शेवू, सही करू नकोस. इथे माणसं मरतायत त्यानं."

तेव्हापासून घास उतरत नाहीये. आईचं आणखी वेगळंच. "मला कसलंच इंजेक्शन नको. दोन बाळंतपणं सोसली, गुडघ्याचं काय घेऊन बसलीस."

अमेरिकेतल्या बातम्यांतलं फेंटॅनिल आणि ऑपरेशनच्या टेबलावरचं एकच का? त्याची सवय लागते का? नको म्हटलं तर त्याऐवजी काय देतात? ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा. बुधवारी सकाळी मी परत दवाखान्यात जाणार आहे.

वाटसरू७२ | सोमवार, रात्री १०.०५

नकोच म्हणा ताई. माझ्या साडूंचं हर्नियाचं ऑपरेशन पाठीतल्या इंजेक्शनवर झालं, नंतर साध्या पॅरासिटामॉलवर तिसऱ्या दिवशी घरी. अफूच्या जातीचं औषध या वयात कशाला?

चांदवडकर | सोमवार, रात्री ११.३०

मी भूलतज्ज्ञ आहे, २३ वर्षं नाशिक जिल्ह्यात काम करतोय. आजची शेवटची केस आत्ता संपली. शेवंतीताई, आधी जेवून घ्या.

हो, औषध एकच आहे. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६०च्या सुमारास ते तयार झालं. मॉर्फिन अफूतून काढतात, हे संपूर्ण प्रयोगशाळेत बनतं. पण शरीरातली कुलपं दोघं तीच उघडतात. फेंटॅनिल मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र आहे. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण त्याचा अर्थ इतकाच की ते तितक्या कमी मात्रेत द्यायचं. मॉर्फिन आम्ही मिलिग्रॅममध्ये मोजतो, फेंटॅनिल मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. दोन मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं. मणक्यात आम्ही साधारण १० ते २५ मायक्रोग्रॅम घालतो. २० धरलं तर ते अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी होतं.

अमेरिकेत रस्त्यावर जे विकलं जातं त्यात किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि घेणाऱ्याच्या शेजारी श्वासावर लक्ष ठेवणारं कोणी नसतं. तुमच्या आईच्या बोटाला ऑक्सिजनचा क्लिप असेल, उशाशी माझ्यासारखा एक माणूस खुर्ची टाकून बसलेला असेल, हाताशी मास्क आणि बॅग असेल, आणि ट्रॉलीवर नॅलॉक्सोन असेल. ते उतारा आहे, शिरेतून दिल्यावर एक-दोन मिनिटांत काम करतं.

आता ते का हवं. ऑपरेशनमधलं दुखणं सरळ रेषेत येत नाही. श्वासाची नळी घालताना, कातडीला छेद देताना, हाड कापताना ते एकदम उसळतं आणि मधे बराच वेळ काही नसतं. शिरेतून दिलेलं मॉर्फिन पूर्ण जोमात यायला १५-२० मिनिटं घेतं आणि तीन-चार तास रेंगाळतं. फेंटॅनिल मिनिट-दोन मिनिटांत लागतं, चार-पाच मिनिटांत शिखरावर जातं आणि अर्ध्या ते एक तासात उतरतं. जिथे उसळी आहे तिथेच नेमकं देता येतं. म्हाताऱ्या माणसाला तर हे फारच उपयोगी, कारण नंतर गुंगीत पडून राहायला नको. मात्र वय झालं की मेंदू या औषधाला जास्त हळवा होतो. ७० च्या आसपास मी तरुण माणसाच्या निम्म्यानेच सुरुवात करतो.

मणक्यात बधिरीच्या औषधाबरोबर घातलं की बधिरता जास्त घट्ट होते. बधिरीचं औषध थोडं कमी लागतं, म्हणून बीपी एकदम खाली जायची भीतीही कमी होते. बीपीची गोळी चालू असलेल्या बाईसाठी हे महत्त्वाचं आहे. त्रास काय होतो तर खाज. सिझेरियनच्या टेबलावर तर बायका नाक चोळत असतात. ती ॲलर्जी नव्हे, आपोआप जाते. काहींना मळमळतं, काहींची लघवी अडते.

सही करा. पण दुसरा प्रश्न मनात ठेवा, तो तुम्ही विचारला नाहीत. हे औषध उतरल्यावर पुढे काय?

शेवंती | मंगळवार, सकाळी ७.१५

डॉक्टर, खूप आभार. रात्री बाराला वरणभात खाल्ला. पण शेवटचं वाक्य कळलं नाही. ऑपरेशन झाल्यावर दुखायचं ते दुखणारच ना?

पाणपोई | मंगळवार, सकाळी ९.५०

शेवंतीताई, हे मी सांगतो, कारण आम्ही ते भोगलंय.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं पित्ताशय काढलं. दुर्बिणीतून करणार होते, आत चिकटलेलं निघालं म्हणून पोट उघडावं लागलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, चांगला नावाजलेला होता. दुपारी बाबा बाहेर आले तेव्हा एकदम शांत, माझ्याशी हसून बोलले, "काहीच दुखत नाही रे." आम्ही सगळे निर्धास्त. आई घरी गेली, मी एकटा थांबलो. साडेपाचला बाबांनी कूस बदलायचा प्रयत्न केला आणि जे ओरडले, तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सिस्टर म्हणाल्या, वेदनाशामक लिहिलंय पण एसओएस आहे, डॉक्टरांना विचारून देते. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. इंजेक्शन मिळालं पावणेआठला. तोवर बाबांनी श्वास आखडून धरलेला, खोकायला सांगितलं तर खोकेनात. तिसऱ्या दिवशी छातीत कफ साठला, ताप आला, आणखी पाच दिवस मुक्काम.

नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांनी समजावलं की दुपारचं ते हसू फेंटॅनिलचं होतं. ते उतरेपर्यंत पुढचं औषध सुरूच केलेलं नव्हतं. एसओएस म्हणजे 'लागल्यास द्या'. लागलंय हे सांगायचं कोणी? बाबांनी साडेतीनपासून दात आवळून धरले होते, हे मला त्यांनी घरी आल्यावर सांगितलं.

रातराणी | मंगळवार, दुपारी ३.१०

पाणपोई, वाचून घशात आलं. मी स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं, त्यातली बरीचशी तालुक्याच्या ठिकाणी. आता नाइटला जायच्या आधी लिहितेय.

एसओएसचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. वॉर्डात ३० पेशंट आणि दोन सिस्टर असतील तर जो ओरडतो त्याच्याकडे आपण पळतो. जो गप्प पडलाय तो बरा आहे असं वाटतं. आणि गप्प कोण पडतं? आपल्या आया. मी विचारते, "आजी, दुखतंय का?" आजी म्हणते, "न्हाई गं बाई, तू जा, तुला कामं असतील." आणि चादरीखाली मूठ आवळलेली. म्हणून मी दुखतंय का असं विचारणंच सोडलं. मी विचारते, "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आजवरचं सगळ्यात वाईट. आत्ता किती?" नाहीतर पाय उचलून दाखवायला सांगते, खोकून दाखवायला सांगते. पडून राहिल्यावर दोन आणि हलल्यावर आठ, तर तो आठच.

शेवंतीताई, तुमच्या आईंना हे घरीच शिकवून ठेवा. बाळंतपण सोसलं ते वेगळं. तिथे कळ येऊन जाते, शेवटी मूल हातात येतं. इथे दुसऱ्या दिवशी त्याच दुखऱ्या गुडघ्यावर चालायचं असतं.

आणखी एक. आमच्यासारख्या ठिकाणी फेंटॅनिल सहज मिळत नव्हतं, अजूनही सगळीकडे नसतं. डबल लॉकचं कपाट, एक किल्ली एकीकडे, एक दुसरीकडे, प्रत्येक अँप्युलची नोंद, रिकामी अँप्युल परत. नोंदीत एक कमी भरली तर रात्रभर शोध. त्यामुळे लहान दवाखाने भानगडीतच पडत नाहीत. पेंटाझोसिन नाहीतर ट्रॅमाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकांवर भागवतात.

चांदवडकर | मंगळवार, रात्री १०.४५

रातराणी सिस्टरांनी कपाटाचं लिहिलं त्यावर थोडं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५चा. त्याच्या धाकाने वर्षानुवर्षं मॉर्फिन, फेंटॅनिल ठेवायचं म्हणजे वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे परवाने. एकाची मुदत संपली की बाकीचे असून नसून सारखे. २०१४च्या दुरुस्तीनंतर 'अत्यावश्यक नार्कोटिक औषधं' असा वर्ग झाला. त्यात मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा आली, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता पुरू लागली. कागदावर दार उघडलं. पण दोन पिढ्यांचे डॉक्टर ही औषधं न हाताळताच शिकले. ती भीती दुरुस्तीने जात नाही. नंतर २०१८मध्ये ट्रॅमाडॉलही या कायद्याखाली आलं.

आता शेवंतीताईंचा प्रश्न. 'दुखायचं ते दुखणारच' हे अर्धंच खरं. गुडघ्याचं ऑपरेशन दुखतंच, त्यातही पहिले ४८ तास. पण दुखण्याला गाठायचं ते मागून नव्हे, पुढून. मणक्याची भूल दोन-तीन तासांत उतरते. ती उतरायच्या आधीच पुढचं औषध लागू झालेलं हवं.

माझी पद्धत सांगतो, तुमच्या डॉक्टरांची थोडी वेगळी असेल. पॅरासिटामॉल शिरेतून, ऑपरेशन संपायच्या आत, मग ठरावीक तासांनी. दुखो वा न दुखो. किडनीचे रिपोर्ट चांगले असतील तर सूज उतरवणारं औषध दोन-तीन दिवस. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर ते किडनीला जड जातं, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, पाहिल्याशिवाय नाही. मांडीच्या आतल्या बाजूला सोनोग्राफीवर बघून नसेचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन. त्याने १२-१८ तास गुडघ्याचा पुढचा भाग बधिर राहतो, तरी मांडीची ताकद बऱ्यापैकी टिकते, चालता येतं. मागची बाजू त्यात पूर्ण येत नाही, तिथे सर्जन स्वतः औषध भरतात. एवढं सगळं करूनही जे दुखणं उसळून वर येईल, त्याच्यासाठीच ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिन-फेंटॅनिलच्या जातीचं औषध, तेही थोडं. पाया साध्या औषधांचा, उसळीपुरतं हे.

बुधवारी इतकंच विचारा. पहिल्या रात्री दोन वाजता आईला दुखलं तर काय द्यायचं ते आजच लिहून ठेवणार का, आणि ते द्यायला कोणाला उठवावं लागणार?

सई_लीड्स | बुधवार, पहाटे ४.२०

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लीड्सला रिकव्हरी नर्स आहे, ऑपरेशननंतर शुद्धीवर येणाऱ्या पेशंटना सांभाळते. माहेर साताऱ्याचं. हा धागा मामेबहिणीने पाठवला.

डॉक्टरांनी 'उतरल्यावर पुढे काय' लिहिलंय, त्याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण आमच्याकडे रोज दिसतं. रेमिफेंटॅनिल, फेंटॅनिलच्याच घराण्यातलं औषध. आम्ही रेमीच म्हणतो. ते लिव्हर-किडनीची वाटच बघत नाही, रक्तात आणि पेशींतच तुटून जातं. औषधाचा पंप एक तास चालू असो की आठ तास, बंद केल्यावर तीन-चार मिनिटांत रक्तातलं निम्मं, दहा मिनिटांत जवळपास काहीच नाही. मेंदूच्या ऑपरेशनला हे वरदानच. पेशंटला लगेच जागं करून हात-पाय हलवायला सांगता येतात.

पण पंप बंद म्हणजे कवचही बंद. म्हणून ऑपरेशन संपायच्या अर्धा-पाऊण तास आधीच मॉर्फिन द्यावं लागतं, किंवा ब्लॉक आधी केलेला हवा. ते राहिलं तर माझ्यासमोर माणूस डोळे उघडतो तोच कळवळत. आणि रेमी खूप जास्त मात्रेत बराच वेळ चाललं असेल तर उलटंच होतं. दुखणं नेहमीपेक्षा जास्त जाणवतं, नसा जणू चिडलेल्या असतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

आणखी एक छोटी पण जिवाची गोष्ट. सलाइनच्या नळीत रेमीचे एक-दोन थेंब उरलेले असतात. वॉर्डात कोणी त्याच नळीतून दुसरं औषध ढकललं की ते थेंब आत जातात आणि श्वास थांबू शकतो. त्यामुळे आमच्याकडे नळी धुतल्याची सही झाल्याशिवाय पेशंट रिकव्हरीतून हलत नाही.

वाटसरू७२ | बुधवार, सकाळी ८.३०

मी घाईने लिहिलं होतं, ते मागे घेतो. एक विचारतो, डॉक्टर. फेंटॅनिल अर्ध्या तासात उतरतं म्हणता, मग आयसीयूत माझ्या मेहुण्याला ते चार दिवस चालू होतं, बंद केल्यावर शुद्ध यायला दीड दिवस लागला. हे कसं?

चांदवडकर | बुधवार, दुपारी २.००

फार चांगला प्रश्न. आमचे विद्यार्थीसुद्धा इथे अडखळतात.

उन्हाळाभर तापलेल्या जमिनीवर वळवाची पहिली सर पडते तेव्हा पाणी दिसतं आणि बघता बघता मुरून जातं. ते नाहीसं झालेलं नसतं, खाली गेलेलं असतं. फेंटॅनिलचा पहिला डोस असाच. मेंदूतून निघून स्नायूंत, चरबीत मुरतो, म्हणून असर संपतो. शरीराने ते अजून बाहेर टाकलेलं नसतं. पण श्रावणभर झड लागली की जमीन भरते, मग जरासा पाऊस झाला तरी शेतात पाणी साचून राहतं. चार दिवस पंप चालला की चरबी भरलेली असते. पंप बंद केला तरी तिथून औषध उलट रक्तात झिरपत राहतं. किती वेळ दिलं त्यावर किती वेळात उतरणार हे ठरतं. रेमीला हे लागू नाही, कारण ते मुरायच्या आधीच तुटतं. तुमच्या मेहुण्यांच्या बाबतीत बाकीची गुंगीची औषधंही असतील, पण मुळातलं कारण बहुधा हेच.

म्हणजे 'अल्पकाळ टिकणारं' हे वर्णन नुसतं औषधाचं नाही, ते देण्याच्या पद्धतीचंही आहे.

एनजे_वारा | बुधवार, संध्याकाळी ७.४५

मी शेवंतीचा दादा. तिने लिंक पाठवली. सगळं वाचलं, काही दोनदा.

मी सही करू नकोस असं का म्हणालो, ते सांगतो. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा, १९ वर्षांचा. फुटबॉल खेळताना गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं. घरी येताना गोळ्यांची बाटली दिली. दुखणं थांबल्यावरही त्या संपेपर्यंत घेतल्या, मग आणखी मागून घेतल्या, मग मिळेनाशा झाल्यावर कुठून तरी. शेवटची गोळी बनावट होती, त्यात फेंटॅनिल होतं. मी त्याच्या आईला सावरलेला माणूस आहे. इथे २०२२ या एका वर्षात अशा कृत्रिम ओपिऑइडने ७० हजारांहून जास्त लोक गेले. हा शब्द मला साधा राहिलेला नाही. आईच्या कागदावर तो ऐकल्यावर माझं डोकं चाललंच नाही.

डॉक्टर, एक सरळ सांगा. माझी भीती चुकीची आहे का?

चांदवडकर | बुधवार, रात्री ११.१०

दादा, तुमची भीती चुकीची नाही, तिची जागा चुकली आहे. त्या मुलाबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

तुम्हीच लिहिलंय ते पुन्हा पाहा. टेबलावर भूल देणाऱ्याने जे दिलं त्याने तो गेला नाही. वाट सुरू झाली ती घरी नेलेल्या बाटलीपासून. अमेरिकेत २०१७मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी आधी कधी ओपिऑइड घेतलं नव्हतं अशा लोकांपैकी साधारण ६ टक्के लोक ऑपरेशननंतर ९० दिवस उलटल्यावरही त्या गोळ्या घेतच होते. आणि ऑपरेशन छोटं असो की मोठं, प्रमाण जवळजवळ तेच. म्हणजे जखमेच्या दुखण्यासाठी ते चालू राहिलेलं नव्हतं. तंबाखू, दारू, मनाची बेचैनी, आधीपासूनचं जुनं दुखणं, हे ज्यांना होतं त्यांच्यात जास्त.

टेबलावर मोजून दिलेल्या एक-दोन डोसांनी व्यसन लागत नाही. लक्ष ठेवायचं ते डिस्चार्जच्या कागदावर. ट्रॅमाडॉलची गोळी लिहिली असेल तर किती दिवसांची? ती कधी बंद करायची? उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं? आईला झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी चालू आहे का? नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ट्रॅमाडॉल चालत नाही, झटके येऊ शकतात. आणि आई झोपेत मोठ्याने घोरतात का? मधेच श्वास थांबल्यासारखा होतो का? हे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. अशा माणसाला ओपिऑइड द्यायचं तर मात्रा वेगळी आणि रात्रभर ऑक्सिजनवर नजर.

शेवंती | बुधवार, रात्री ११.३५

घोरते! खूप घोरते. हे आम्ही सांगितलंच नव्हतं, कोणी विचारलं असेल तर आईने नाही म्हटलं असेल. आज सकाळी गेले तेव्हा मला सुचलं नाही, उद्या फोन करून सांगते. रात्री दोनचा प्रश्न मात्र विचारला. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि माझ्यासमोर लिहिलं. बरं वाटलं.

मोगरा_परळ | गुरुवार, सकाळी १०.००

थोडं विषयाला धरून. माझ्या आत्याला कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटॅनिलचे कातडीला चिकटवायचे पॅच होते. ती मार्चमध्ये गेली. तीन पॅच न उघडलेले घरात आहेत. माझ्या मिस्टरांचं परवा मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय, फार दुखतंय. एक लावला तर चालेल का? इथे तेच औषध सांगितलंय म्हणून विचारते.

चांदवडकर | गुरुवार, सकाळी १०.१२

लावू नका. लावला असेल तर आत्ता काढा, जागा साध्या पाण्याने धुवा आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जा. मला लगेच कळवा.

मोगरा_परळ | गुरुवार, सकाळी १०.२०

नाही लावला डॉक्टर. हातात होता, कपाटात ठेवला.

चांदवडकर | गुरुवार, सकाळी १०.५०

देवाचे आभार. आता सविस्तर लिहितो, कारण हे अनेक घरांत घडू शकतं.

पॅच ऑपरेशनच्या दुखण्यासाठी नाहीच. लावल्यावर पूर्ण असर यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर माणूस तळमळतो आणि घरचे दुसरा लावतात. मग दोन्ही मिळून रात्री चढतात. पॅच ७२ तास औषध सोडत राहतो आणि काढला तरी कातडीखाली साठलेलं कित्येक तास आत जात राहतं. तुमच्या आत्यांचं शरीर कितीतरी दिवस ओपिऑइड घेऊन सरावलेलं होतं. मिस्टरांचं नाही. जो पॅच आत्याबाईंना आधार होता तोच त्यांचा श्वास बंद करू शकला असता. त्यातून आपल्या घरात दुखणं म्हटलं की गरम पाण्याची पिशवी. पॅचवर शेक दिला तर औषध भराभर आत जातं.

न वापरलेले पॅच ज्या रुग्णालयातून घेतले तिथे परत करा, तोवर कुलपात ठेवा. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. पोरांच्या हाती लागेल असा टाकू नका, चिकट बाजू आत करून दुमडायचा.

मूळव्याधीच्या दुखण्यासाठी सर्जनना आजच फोन करा. कोमट पाण्यात बसणं, मल मऊ करणारं औषध, लावायचं बधिरीचं मलम आणि वेळेवर गोळ्या, एवढ्याने बहुतेकांना उतार पडतो. पडला नाही तर 'सोसा' हे उत्तर स्वीकारू नका.

रातराणी | गुरुवार, दुपारी १.३०

मोगराताई, विचारलंत हे फार चांगलं केलंत.

मोठ्या दवाखान्यात पेशंटच्या हातात बटण देतात, त्याबद्दलही सांगून ठेवते. पीसीए पंप म्हणतात त्याला. दुखलं की पेशंटने दाबायचं, थोडंसं फेंटॅनिल किंवा मॉर्फिन आत जातं, मग पाच-दहा मिनिटं कितीही दाबलं तरी पंप देत नाही. यातली खरी सुरक्षा म्हणजे पेशंटला गुंगी आली की त्याचा हात आपोआप थांबतो. आणि आपल्याकडे काय होतं? बाबा झोपलेत, उठल्यावर दुखायला नको, म्हणून मुलगी मायेने बटण दाबते. माझ्या ड्यूटीवर झालंय. श्वास मिनिटाला सातवर आला होता. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. ते बटण नवरा, मुलगा, सिस्टर कोणीच दाबायचं नाही.

श्वास मंदावायच्या आधी झोप वाढते. हाक मारल्यावर डोळे उघडून लगेच पुन्हा मिटतात, बोलता बोलता वाक्य अर्धं सुटतं. असं दिसलं की 'छान झोप लागली' म्हणू नका, आम्हाला बोलवा.

एक मुलाची आई | गुरुवार, दुपारी ४.१५

माझ्या पाच महिन्यांच्या बाळाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. सासूबाई म्हणतात एवढ्या बाळाला काय कळतंय, कमीत कमी औषध द्यायला सांग. बाळांना दुखतं ना हो?

चांदवडकर | गुरुवार, रात्री ९.३०

दुखतं. सासूबाईंना दोष देऊ नका, १९८०च्या दशकापर्यंत जगभरातले डॉक्टरही तेच मानत होते. नवजात बाळांना नुसतं स्नायू सैल करणारं औषध आणि थोडासा गुंगीचा वायू देऊन छातीची ऑपरेशनं होत. हे खोटं पाडणाऱ्यांत आघाडीवर होते कंवलजीत आनंद, इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेले. १९८७मध्ये त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांपैकी काहींना हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तनळी बांधताना फेंटॅनिल दिलं, काहींना नेहमीच्या पद्धतीने. फेंटॅनिल मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी. त्यानंतर हळूहळू सगळीकडची पद्धत बदलली. आज आम्ही जे औषध देतो त्यामागे ती बाळं आहेत, हे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतो.

तुमच्या बाळाला बहुधा पाठीच्या शेवटाशी एक ब्लॉक आणि पॅरासिटामॉल पुरेल, ओपिऑइड अगदी थोडं लागेल किंवा लागणारही नाही. दुधाची शेवटची वेळ कधी ते नक्की विचारून घ्या.

शेवंती | रविवार, सकाळी ११.००

आईचं शुक्रवारी झालं. घोरण्याचं सांगितल्यावर डॉक्टरांनी पहिली रात्र मॉनिटरवर ठेवलं. मणक्यातलं फेंटॅनिल दिलं, शिरेतून लागलंच नाही. मांडीत ब्लॉक केला. बाहेर आली तेव्हा नाक चोळत होती, मला माहीत होतं म्हणून घाबरले नाही. उलट आईलाच सांगितलं की हे जाईल.

पहिली रात्र बरी गेली. खरी कसोटी दुसऱ्या रात्री, ब्लॉक उतरल्यावर. अडीचला मला जाग आली तर आई छताकडे बघत होती. विचारलं, "किती?" म्हणाली, "झोप तू." मी परत विचारलं. बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "सात. हलवला तर आठ." आयुष्यात पहिल्यांदा तिने आपलं दुखणं मला आकड्यात सांगितलं. सिस्टरांनी कागद पाहिला, कोणालाही न उठवता इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांनी पुन्हा विचारायला आल्या. चार. मग ती झोपली आणि मी रडले.

दादा व्हिडिओवर होता सकाळी. वॉकर घेऊन दारापर्यंत गेली ते त्याने पाहिलं.

रातराणी | रविवार, दुपारी १२.२०

किती बरं वाटलं. पोट साफ झालं का आईंचं? तीन दिवस होतील, या औषधांनी घट्ट होतं.

शेवंती | रविवार, दुपारी १२.४५

नाही झालं अजून. लाजून सांगत नव्हती. आत्ता सिस्टरांना सांगते.